वजीर ठेवून

माझा भाऊ रामू बायकोशी बुद्धिबळ खेळायला बसला की आधी आपला वजीर उचलून बाजूला ठेवतो. "तू कच्ची," म्हणतो. खेळ त्यानंच शिकवला, हे खरं. पण वर्षानुवर्षं ही खैरात! शेवटी सोनूवहिनीचं डोकं फिरलं. कुणीतरी आपल्याशी सगळ्या मोहऱ्यांनिशी खेळावं, एवढ्याचसाठी तिनं डहाणूच्या स्पर्धेत नाव घातलं आणि चिखल्याहून मलाही ओढत नेलं. बोंबील वाळत टाकून आम्ही निघालो.

पहिल्याच फेरीत समोर जिग्नेश, गेल्या वर्षीचा विजेता. हरेल तो घरी. पोरगा चक्क जांभया देत खेळत होता. माझं पित्त खवळलं.

आणि वहिनीचा घोडा असा काही बसला की जिग्नेशचा वजीर माऱ्यात सापडला. त्याचं लक्षच नव्हतं. आता गप्प बस बाई, गप्प! पण आमच्या घरी राजाला शह देताना सांगतात तसं वजिराच्या वेळीही सांगायची रीत.

"वजीर सांबाळ रे," वहिनी मोठ्यानं म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. पंच धावत आले, बोलायचं नाही म्हणून दम देऊन गेले. जिग्नेश लालबुंद झाला. पोरगा तसा सज्जन. तिच्या भोळेपणाचा फायदा नको म्हणून त्यानं वजीर तिथंच ठेवला आणि भलतंच प्यादं सरकवलं.

घे की, मी मनात ओरडले. वहिनीनं घेतला नाही. तिचा चेहरा उतरला. इथंही तीच खैरात! तिनं कडेचं एक प्यादं ढकललं, घड्याळ दाबलं आणि हाताची घडी घालून जिग्नेशकडे रोखून बघत राहिली.

त्याला उमगलं. त्यानं वजीर हलवला. मग खुर्ची पुढे ओढून, डोकं धरून असा खेळला की वहिनीचं काही चालेना. मात झाली तेव्हा त्याचा शर्ट घामानं भिजला होता.

"काकी, दमवलंत," तो उठून म्हणाला.

बाहेर आल्यावर मी तोंडसुख घेतलं. हातातला डाव घालवलास! तिला ऐकूच येत नव्हतं. तेवढ्यात रामूचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"हरलीस ना?"

"हरले," वहिनी म्हणाली. "पण त्यानं वजीर पटावर ठेवून हरवलं मला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी भर रस्त्यात तिला मिठी मारली.