खळ घातलेल्या साड्या

अनुजाचं पत्र दिवाळीनंतर आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.

अनुजा माझी मुलगी. लग्न झाल्यापासून नागपूरला असते. आमचे फोन होतात, पण फोनवर मी फारसा उपयोगाचा माणूस नाही. "जेवलीस का?", "तिकडे थंडी पडली का?" एवढं विचारून झालं की माझ्याजवळचे शब्द संपतात. पूर्वी अशा वेळी सुचित्रा, माझी पत्नी, माझ्या हातातून फोन काढून घ्यायची. ती गेल्यापासून आम्ही बापलेक थोडा वेळ एकमेकांचं गप्प राहणं ऐकतो आणि मग फोन ठेवतो. अनुजाला हे ठाऊक आहे. म्हणूनच खरोखर काही विचारायची वेळ आली, तेव्हा तिने पत्र लिहिलं.

पत्र छोटंसंच होतं. "बाबा, बाळ फेब्रुवारीत येईल. सासूबाई माझं सगळं प्रेमाने करतात, इथे काही कमी नाही. पण पहिल्या बाळंतपणाला आपल्या घरी यावंसं वाटतं. आई नाही हे मला कळतं. तरी येऊ का? प्रवास करायचा तर डिसेंबर संपायच्या आत कर, असं डॉक्टर म्हणतात. काय ते कळवा. आणि दुपट्यांसाठी आईच्या सुती साड्या असतील ना?"

त्या 'येऊ का'पाशी मी दर वेळी अडकायचो. माहेरी यायला मुलीला परवानगी मागावी लागते, ही काय गोष्ट झाली? आणि तरीही 'ये' असं लिहायला माझा हात उठत नव्हता.

निवृत्त होईपर्यंत मी दादरच्या एका ग्रंथालयात काम केलं. कुणी काही विचारलं की पुस्तक काढून द्यायचं, ही सवय. मी बालसंगोपनावरचं एक जाडजूड पुस्तकही आणलं आणि ते वाचून आणखीच घाबरलो. बाळंतिणीचा शेक, बाळाचं मालीश, पाळण्यातल्या बाळाला कोणत्या कुशीवर ठेवायचं, यातलं मला काय येत होतं? परळच्या चाळीतल्या दोन खोल्या आणि त्यात एक म्हातारा. असल्या घराला माहेर कोण म्हणणार?

पण माणसाचं मन मोठ्या भीतीपाशी थांबत नाही, ते एखादी छोटी भीती शोधून तिलाच धरून बसतं. मी कपडे वाळण्याची भीती धरली.

आमची गॅलरी दक्षिणेकडची. समोर जुन्या गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहिला, तेव्हापासून हिवाळ्यात आमच्याकडे ऊन येत नाही. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा काही जाणवत नाही. पण थंडी सुरू झाली की तो दक्षिणेला कलतो आणि दिवसभर टॉवरच्या पाठीमागून चालतो. माझा बनियन दांडीवर दोन दोन दिवस लटकतो आणि सकाळी अंगात घातला की बेडूक चढवल्यासारखं वाटतं. तान्ह्या बाळाची लंगोटं, झबली, दुपटी रोज धुवायची. ती वाळणार कुठे? दोन्ही खोल्यांत ओल्या कपड्यांचे पडदे आणि त्यांच्यामध्ये खोकणारी अनुजा, असं चित्र मला दिसायचं. एकदा मी लिहूनही पाहिलं, "इथे कपडे वाळत नाहीत, तेव्हा तू तिकडेच राहावंस हे बरं." वाचून माझी मलाच लाज वाटली. कागद फाडला.

डिसेंबर लागला. थंडी वाढली. उत्तर आज लिहू, उद्या लिहू असं करता करता आता उशीर होईल अशी वेळ आली, तेव्हा मी ठरवलं की निदान वाळवून तरी पाहावं. पातळ सुती कापड गच्चीवर वाळतं का, तेवढं कळलं तरी पुरे.

सुचित्राची ट्रंक मी तेव्हा पहिल्यांदा उघडली. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, वर्षभर सुती साड्या नेसायची. डांबराच्या गोळ्यांच्या वासाखाली आणखी एक वास होता, तो मी लगेच ओळखला. मग धुऊन धुऊन मऊ झालेल्या चार साड्या काढल्या आणि मोरीत भिजवल्या.

आमच्या संसारात साड्यांना खळ घालणं हे माझं काम होतं. मला भाजी पारखता यायची नाही, भायखळ्याच्या बाजारातून मी नेहमी फसून यायचो. पण साबुदाणा शिजवून, गुठळी न होऊ देता गाळून केलेल्या माझ्या खळीला सुचित्राने कधी नाव ठेवलं नाही. शाळेत बाकीच्या बाई विचारतात, म्हणायची. त्यामुळे साड्या धुऊन झाल्यावर माझा हात आपोआप साबुदाण्याच्या डब्याकडे गेला.

गच्चीची किल्ली शेजारच्या लवूकडे असते. मी मागितली तेव्हा तो नुकताच उठला होता. "काय भाऊ, योगासनं काय?" म्हणाला आणि किल्ली दिली. मी बादली घेऊन वर गेलो. हवा चांगलीच गार होती. नागपूरची माणसं आमच्या थंडीला हसतात, पण मी कानाला मफलर गुंडाळला होता. टॉवरच्या एका बाजूने सकाळचं ऊन गच्चीवर येत होतं. मी साड्या दोरीवर पसरल्या, चिमटे लावले, आणि जरा वेळाने पाहतो तो साड्या खडखडीत वाळलेल्या. मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

तेवढ्यात मालनवहिनी, लवूची बायको, वाळत घालायच्या मिरच्यांचं सूप घेऊन वर आल्या. चाळीत त्यांचा आवाज सगळ्यांच्या आधी पोचतो.

"भावोजी! ह्या काय, कुरडया घातल्यात काय?"

त्यांनी एका साडीवर टिचकी मारली. पापडावर मारल्यासारखा आवाज आला.

"खळ छान बसली आहे," मी म्हणालो. मला वाटतं माझ्या आवाजात थोडा अभिमान होता.

"छान? पोलिसाची वर्दी झालीय नुसती. आणि नेसतंय कोण आता?"

"नेसायच्या नाहीत. दुपटी करायची आहेत."

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "कोणाची दुपटी?"

मी चाळीत कुणालाच सांगितलं नव्हतं. "अनुजाला... म्हणजे फेब्रुवारीत..."

"अगो बाय माझ्या!" त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. पुढच्या क्षणी त्यांना खळ आठवली. "आणि बाळाक खळ घातलेलं दुपटं? अहो, अंग सोलवटून निघेल त्याचं!" त्या कठड्यापाशी जाऊन खाली ओरडल्या, "अहो, ऐकलंत? वर या लवकर! भावोजींनी नातवासाठी पापड लाटलेत!"

लवू अर्ध्या दाढीनेच वर आला. हसून हसून त्याला ठसका लागला. मीही हसलो. खरं तर मला कुठेतरी लपावंसं वाटत होतं, पण लपायला गच्चीवर त्या चार साड्याच होत्या आणि त्या तर ताठ उभ्या होत्या.

"मग कधी येतेय पोरगी?" वहिनींनी विचारलं.

"तिने विचारलंय, येऊ का म्हणून. पत्र आलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही."

"कधी आलं पत्र?"

"दिवाळीनंतर."

"आयला," लवू म्हणाला.

वहिनींचं हसू गेलं. "कित्याक? उत्तर कित्याक नाय दिलंत?"

"इथे कपडे वाळत नाहीत," मी म्हणालो.

लवूने गालावरचा साबण पुसला. मग वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचा हळू आवाज मी तेव्हा प्रथमच ऐकला, "भावोजी, तिकडे ती पोर रोज वाट बघत असेल. तिला काय वाटत असेल? बापाला मी नको?"

हे मला सुचलंच नव्हतं. इतके दिवस मी माझ्यातल्या उणिवा मोजत होतो. माझं गप्प राहणं तिकडे कसं ऐकू जात असेल, याचा विचार मी केला नव्हता.

"मला यातलं काहीच येत नाही हो," मी म्हणालो. "मालीश, शेक, आंघोळ..."

"तुम्हाला करूक कोण सांगतंय? तुम्ही बाळाला आंघोळ घालणार असाल तर मीच पोरीला फोन करून सांगेन, येऊ नको बाय!" त्यांचा आवाज मूळ पदावर आला. "आम्ही सगळ्या काय मेलो? माझ्या दोन्ही मुलींच्या बाळंतपणात सुचित्रावैनी शाळेतून आली की पहिलं बाळ उचलायची. चहासुद्धा नंतर. चला, ती पोलिसांची पलटण उतरवा आधी."

वहिनींनी घरून गरम पाणी आणवलं आणि गच्चीतल्या नळापाशी साड्या पुन्हा भिजवल्या. खळ निघायला बराच वेळ लागला. पिळायला लवू एका टोकाला आणि मी दुसऱ्या. मी त्याच्या हातांकडे बघून तसेच हात फिरवत होतो, त्यामुळे साडीला पीळ बसेना, ती नुसतीच गोल गोल फिरायला लागली.

"भाऊ, दोरीवरच्या उड्या नाय मारायच्यात," लवू म्हणाला. "माझ्याकडे नका बघू, उलटं फिरवा!"

साड्या पुन्हा दोरीवर चढेपर्यंत ऊन टॉवरमागे गेलं होतं. सगळी गच्ची सावलीत.

"आता कसल्या वाळतात?" मी म्हणालो.

"बसा हितंच आणि बघा. कबुतरं हाकला," वहिनी म्हणाल्या. मिरच्यांचं सूप त्यांनी परत उचललं. "आणि पोरीला आत्ता फोन लावा."

"तिने पत्रातून विचारलंय. फोनवर मी परत 'जेवलीस का' विचारीन."

"तेही खरंच," लवू म्हणाला.

ती दोघं खाली गेली. मी पालथ्या बादलीवर बसलो. बालसंगोपनाचं ते पुस्तक सोबत आणलं होतं, पण उघडलं नाही. आधी साड्या जड होत्या, सरळ लोंबत होत्या, टोकांवरून पाणी ठिबकत होतं. मग एकीचा काठ हलला. उत्तरेचा कोरडा वारा आमच्या गच्चीवरून येत होता आणि समोरचा टॉवर व त्याच्या शेजारी उभी राहत असलेली दुसरी इमारत यांच्या फटीतून जोरात निघून जात होता. बोटं बधिर होईपर्यंत गार वारा. खाली गॅलरीत तो कधी जाणवत नाही. हळूहळू चारही साड्या हलायला लागल्या, मग फुगायला लागल्या, आणि दुपार कलली तेव्हा मला उठून त्यांना धरावं लागलं, नाहीतर चिमट्यांसकट उडाल्या असत्या.

कापड इतकं थंड होतं की ओलं की कोरडं, हातांना कळेना. मी एक साडी गालाला लावून पाहिली. कोरडी होती. सावलीत, पौषाच्या तोंडावर, उन्हाशिवाय वाळली होती. वास घेतला. डांबराच्या गोळ्यांचा वास गेला होता आणि तो दुसराही. मला वाटलं होतं मी रडेन. पण गालाला ती फार मऊ लागली, आणि बाळाच्या गालालाही ती अशीच लागेल, एवढंच मनात आलं.

साड्यांच्या घड्या मला नीट जमल्या नाहीत. तशाच खांद्यावर टाकून खाली आलो आणि हात शेकायचेही सोडून लिहायला बसलो.

"चि. अनुजा, ये. लवकर ये. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण तू समजतेस ते नाही. मी घाबरलो होतो. आईच्या साड्या धुतल्या आहेत. मी चुकून त्यांना खळ घातली, त्यावरून मालनवहिनी अजून हसत आहेत. बाळंतपणाचं सगळं त्या बघणार आहेत, मला त्यात हात घालायला मनाई आहे. इथे ऊन कमी येतं, पण गच्चीवर वारा आहे. कपडे वाळतात, मी बसून पाहिलं आहे. बाळाचं धुणं माझ्याकडे. तिकीट काढलंस की कळव, स्टेशनवर मी येतो. बाबा."

'ये' हा शब्द सुरुवातीलाच फार एकटा दिसत होता. त्याच्याआधी 'अनेक आशीर्वाद' घालावं का, असं मला वाटून गेलं. मग तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच मी दारात होतो. खिडकीतल्या बाईंनी स्वेटर घातला होता. त्यांनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं.

"आत काय आहे?"

"पत्र."

"नुसतं पत्र? कागदपत्रं वगैरे काही नाही?"

"नाही. पत्रच."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पाकिटावर स्टिकर चिकटवला आणि ते मागच्या ट्रेमध्ये टाकलं. मी खिडकीशी उभाच होतो.

"झालं, काका," त्या म्हणाल्या. "गेलं ते."