भिंतीलगतची फट

विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात तळघर नसलेलं घर सापडायचं नाही, आणि तळघरातल्या ओलीला न कंटाळलेला माणूसही. पण डेल क्रुगरच्या तळघरात त्याची आई इर्मा राहत होती, त्यामुळे त्याचा जीव जरा जास्तच टांगणीला लागला होता.

इर्मा शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. "वर तुमच्या टीव्हीच्या कलकलाटात कोण राहणार?" असं म्हणून तिनं हौसेनं खालची खोली घेतली होती. पण त्या वसंतात दोन मोठे पाऊस झाले आणि दोन्ही वेळा कोपऱ्यातला गालिचा चिंब झाला. खोलीला कुबट वास सुटला, इर्माला खोकला जडला. मिनियापोलिसहून धाकट्या कर्टिसचा फोन आला, "दादा, तुला नाही जमत. मी आईसाठी वृद्धाश्रम बघतो."

एक कंत्राटदार येऊन, घराभोवती खणून पाया उघडा करावा लागेल असं सांगून गेला होता, आणि तो खर्च डेलला झेपणारा नव्हता.

तिसरा पाऊस लागला तेव्हा डेल खाली टॉर्च घेऊन भिंत न्याहाळत बसला होता. इर्मा वैतागली. "अरे, पाणी बाहेरून येतंय ना? मग इथे काय बघतोस? बाहेर जा!"

रेनकोट चढवून तो गेला आणि बघतच राहिला. गाडी उभी करायची काँक्रीटची फरशी घराकडच्या बाजूनं खचली होती. छताच्या पन्हळीचं पाणी नळीतून थेट तिच्यावर पडत होतं, उतारानं भिंतीकडे धावत होतं आणि फरशी नि भिंत यांच्यामधल्या फटीत गटागटा उतरत होतं. फट त्यानं मागच्या वर्षीच सिमेंटनं बुजवली होती. हिवाळ्यात जमीन गोठून फरशी हलली आणि सिमेंटच्या खपल्या उडाल्या.

"मीच शहाणा!" तो घरात येऊन बायकोला म्हणाला. "हलणाऱ्या जागी दगड भरला."

"चला, कळलं तरी," रेने हसली. "आता ताणलं तरी न तुटणारं काहीतरी भर."

ऊन पडून फट कोरडी होईपर्यंत त्यांनी दम धरला. मग दोघांनी गुडघे टेकून जुनं सिमेंट, माती, मेपलची रोपटी उकरून काढली. फटीत फोमची जाड दोरी दाबली आणि वरून रबरासारखं लवचिक राहणारं सीलंट ओतलं. पन्हळीच्या नळीला लांब तुकडा जोडून तिचं तोंड पार हिरवळीत नेलं. सीलंट पुरतं वाळल्यावर डेलनं बागेचा पाइप भिंतीशी सोडला. इर्मा खाली कोपऱ्यात तळहात टेकून बसली.

"आई, आलं का?" तो खिडकीतून ओरडला.

"नाही!"

"आता?"

"नाही रे! नुसता ओरडू नकोस, नळ मोठा कर!"

तरी खऱ्या पावसाशिवाय कुणाचा विश्वास बसेना. तो रविवारी जेवणाच्या वेळेस आला, विजांसकट. ताटं टाकून तिघंही खाली धावली. रेनेनं मोजे काढून गालिच्यावर पाय ठेवला. बोटं कोरडी. डेलनं भिंत चाचपली, कोपरा चाचपला, आणि तिथंच बैठक मारली. कित्येक महिन्यांनी त्याच्या छातीवरचा दगड उतरला होता.

इर्मानं पलंगाखालून एक पेटी ओढली. अर्धी भरलेली होती.

"आई, हे काय?"

"कर्टिसचा फोन मी ऐकला होता. म्हटलं, तुम्ही सांगायच्या आधी आपणच तयार असावं."

"तुला कुणी पाठवणार होतं का?" रेने तिच्याशेजारी टेकली. पेटीतले स्वेटर तिनं एकेक करून कपाटात लावायला घेतले.

तेवढ्यात कर्टिसचा फोन वाजला. तिकडेही धो धो कोसळत होतं. इर्मानं फोन स्वतःच घेतला. "मी ठणठणीत आहे आणि माझी खोलीही. ती वृद्धाश्रमातली जागा बघून ठेवलीस ना? तुलाच होईल पुढे!"

पलीकडून कर्टिसही हसला. वर सूप गार झालं होतं, पण बराच वेळ कुणीच वर गेलं नाही.