सोमवारचा कँप

आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन म्हंजे आमचे मालक. नाव मी घेत न्हाय. सोसायटीच्या पाटीवर ‘तात्याराव’ असं हातभर अक्षरात लिव्हलंय, ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं. बहात्तरच्या सालात दुष्काळ पडला, म्हशी आटल्या, दुधाच्या किटल्या उपड्या पडल्या. सोसायटीत दूध न्हाय, काम न्हाय, पन चेअरमन हाईत. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं ह्यांनी दौरा काढला.

दौऱ्याचं खूळ आनलं बब्रुवाननं. ह्यो मिल्ट्रीतनं पेन्शनीवर आलेला, मागल्या लढाईत राजस्थानच्या वाळूत जीप चालवलेला. आमच्या सोसायटीची जीपबी मिल्ट्रीच्या लिलावातलीच, वस्त्यावस्त्यांवरनं दूध गोळा करायला घेतलेली. आता ती नुसतीच उभी. बब्रुवान म्हनला, ही गाडी वाळवंटासाठीच जन्मलीय, तिच्यावर किटल्या लादनं पाप हाय. मग ठरलं. चेअरमन, सेक्रेटरी श्रीपती, बब्रुवान आन ड्रायव्हर चाँदपाशा, असं चौघांनी राजस्थानला जायचं. गावात न्हाय, लॉजमधी न्हाय, उघड्या वाळूत तंबू ठोकून ऱ्हायचं. तिथली लोकं पान्याबिगर जनावरं कशी जगवत्यात ते बघायचं. म्हनून त्याचं नाव अभ्यास दौरा. न्हायतर त्याला सहल म्हनले असते.

रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर बैठक. शाळेतनं नकाशाचं पुस्तक आनलं होतं. त्यात धाराशिव ते जैसलमेर अंतर भरलं एक वीत. श्रीपती म्हनला, एवढंच व्हय, मग सांजच्याला पोचतो की. त्या बैठकीत मानसं चारदा जैसलमेरला जाऊन आली आन माझी रेशनची साखर संपली. चहा गुळाचा झाला तरी कुनाच्या ध्यानात आलं न्हाय, कारन तवर ती वाळूत रुतली होती.

रुतली की धाकटा दांडा वडायचा. जीपला गिअरच्या बाजूला दुसरा एक दांडा हाय, त्यो वडला की चारी चाकं जोर लावत्यात, असं आमचे चेअरमन येईल त्याला सांगायचे. ह्यांना सायकलबी धड येत न्हाय. मी आतनं म्हनले, आमच्या घरातबी चार मानसं हाईत, वडतंय एकच चाक, त्याला दांडा कुठं हाय ते बघा जरा. श्रीपती हसला. चेअरमनांनी टोपी नीट केली.

पुढं पान्याचा मुद्दा आला. वाळवंटात पानी नसतं हे बब्रुवाननं सगळ्यांला समजावून सांगितलं. म्हनून दुधाच्या चार किटल्या धुऊन त्यात पानी भरून न्यायचं ठरलं. आता आमच्या गावात आड कोरडा, टँकर येतो त्यावर बाया एकमेकींच्या झिंज्या उपटत्यात. पान्याबिगरच्या गावानं पान्याबिगरच्या मुलखाला पानी न्यायचं. ह्याला म्हनत्यात अक्कल. मी बोलले तर ह्यांनी मला सांगितलं की तुला योजना कळत न्हाय.

आमच्या शेजारची जमिलाबी, तिला आमी सगळी चाचीच म्हनतो. चाँदपाशाची सख्खी चुलती. नवरा जाऊन लई वरसं झाली, लेकरूबाळ न्हाय. हाय ती एक म्हस, भुरी नावाची, आन तीबी गाभन. सोसायटीत दुधाची पहिली किटली ह्याच भुरीची. आता भुरीच्या फासळ्या मोजून घ्याव्या. कडबा संपला, झाडपाला संपला, चाचीनं छपरावरचं जुनं गवतबी काढून तिला घातलं. दोनदा ती चेअरमनांकडं आली. सोसायटीनं चाऱ्याचं कायतरी करा म्हनली. दोन्ही बारीला चेअरमन म्हनले, बघू. येत्या मंगळवारी ती भुरीला बाजारात नेनार होती. तसल्या सालात गाभन म्हस बाजारात कोन घेतं आन कशाला घेतं, ते सांगायला नको. मला तर तिच्या दारावरनं जायला नको वाटायचं.

एक दिवस बैठक चालली होती. बब्रुवान जोरात म्हनला, “सोमवारी निघायचं. जागा बघायची आन कँप टाकायचा.” तवाच चाची मागच्या दारानं आली. हातात रिकामं भगुलं. चुलीपाशी टेकली आन हळूच म्हनली,

“सुमन, सोमवारी कँप हाय व्हय गं?”

आता आमच्याकडं त्या साली कँप म्हनलं की एकच अर्थ, जनावरांचा कँप. सरकारानं न्हायतर कारखान्यानं चारा-पानी करायचं, आन लोकांनी जनावरं तिथं न्हेऊन बांधायची. पार लोहाऱ्याकडनं लोक इचारत यायचे, कुठं कँप पडला का म्हनून. तंबूत झोपायच्या हौसेलाबी कँप म्हनत्यात हे बब्रुवानबिगर कुनाला ठावं? मी सांगनारच होते की चाची, ह्यो येगळा कँप, ह्यो रिकामटेकड्यांचा. पन तिचं तोंड बघितलं. माझ्या तोंडातनं न्हाय निघालंच न्हाय.

“व्हय,” मी म्हनले.

ती उठून गेली. मला जरा भ्या वाटलं, पन त्याहून जास्त मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

सोमवारी सकाळी सोसायटीच्या आवारात जीप उभी. मागं ट्रेलर, ट्रेलरमधी दोन तंबू, पान्याच्या किटल्या, आन माझ्या हातच्या दशम्या. श्रीपती नारळ घेऊन उभा. तेवढ्यात वाटेवर धुरळा उठला. म्होरं जमिलाचाची, हातात भुरीचं दावं. तिच्या मागं आमचं गाव, त्याच्या मागं वस्त्या, गाया, बैलं, वासरं. चेअरमनांना वाटलं सगळे निरोप द्यायला आले. त्यांनी हात जोडले. म्हनले, एवढी कशाला तसदी घ्यायची.

चाचीनं दावं त्यांच्या हातात दिलं.

“चेअरमनसाब, कुठं बांधू?”

“काय?”

“म्हस. कँप हाय न्हवं आज.”

तवर मागनं वस्तीवरचा कोंडिबा म्हातारा आला. आला आन थेट ह्यांच्या पाया पडला. ह्यांच्यापेक्षा वीस वरसांनी मोठा मानूस. म्हनला, तालुक्याला खेटे घालून थकलो, बाबा, तुमी आमची लाज राखली. चेअरमन पार कावरेबावरे झाले. बब्रुवाननं तोंड उघडलं, “अवो, ह्यो कँप म्हंजे...” ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आन त्यो हात बराच येळ तिथंच ऱ्हायला. माझ्याकडं बघितलं. मी जीपकडं बघत होते.

लिंबाखाली सावली होती. ह्यांनी सोता भुरीला तिथं नेली आन बांधली. गाठ धड आली न्हाय, चाचीनं परत बांधली.

“चाँदपाशा,” चेअरमन म्हनले, “तंबू उतरव. किटल्या जनावरांपुढं रिकाम्या कर. आन ट्रेलर घेऊन नदीकाठच्या उसाकडं चल, कारखान्याच्या लोकांच्या हातापाया पडून उसाच्या शेंड्यांचं वाढं मागू. मी येतो संगट.”

तसा आमचा कँप सुरू झाला. बब्रुवाननं मिल्ट्रीच्या शिस्तीत तंबू ठोकले आन जनावरं रांगेनं उभी केली. एक बैल रांगेत न्हाय म्हनून त्याच्यावर वराडला. तेरणा नदीच्या कोरड्या पात्रातनं उसाचं वाढं आनताना जीप वाळूत रुतायची आन चारी चाकांनी निघायची. चेअरमन रात्री तंबूत झोपायचे, घरी फकस्त आंघुळीला यायचे. लोक त्यांना नमस्कार करायचे. मला त्यांचा अभिमान वाटायचा, पन तोंडावर कशाला बोलायचं, आधीच टोपी डोक्यावर बसत न्हवती.

भुरी याली. रेडी झाली. मी चीक आनायला गेले तवा चाची गव्हानीत वाढं टाकत होती. मला ऱ्हावलं न्हाय. एवढं मोठं काम माझ्या एका शब्दानं झालं आन कुनाला पत्ता न्हाय, असं किती दिवस चालवून घ्यायचं? मी म्हनले, चाची, एक सांगू का, त्यो कँप येगळाच होता. ह्यांची सहल होती. तुमी उलटं समजलात, आन मीच मुद्दाम व्हय म्हनले.

चाचीनं वर बघितलंबी न्हाय.

“ठावं हाय की. चाँदपाशा माझ्याच हातचं खातो. सगळं बोलला होता.”

“मग इचारलं कशाला?”

“चारा मागाया आले तर चेअरमन म्हनले बघू. आनखी धा येळा आले असते, धा येळा म्हनले असते. मागितलं की मानसाला बघू म्हनता येतं, बेटी.” तिनं भुरीच्या पाठीवरनं हात फिरवला. “म्हनून कँप हाय का इचारलं, आन तुझं व्हय गावभर केलं. मला न्हाय म्हनशील असं तुझं काळीज न्हाय, ते मला ठावं होतं.”