दोन भरलेले पेले

मित्रांनो, माझ्या चकाकीवर जाऊ नका. मी एक जुनी पितळी किटली आहे आणि तोंड लपवायला जागा शोधते आहे.

पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुस शहरातल्या एका कारागिराने मला ठोकून घडवलं आणि माझा आताचा मालक हिल्मी, त्याच्या आजोबांनी विकत घेतलं. गावात वैर पेटलं की समेट घडवायला ते मला घेऊन निघत. आमच्या अरबांकडची रीत अशी, की मागणं घेऊन आलेला पाहुणा कॉफीचा पेला समोर तसाच ठेवतो. यजमान "मान्य" म्हणाला की मगच घोट घेतो. माझ्या कॉफीवर कितीतरी भांडणं मिटली. लोक कौतुक करायचे आणि मी जरा शेफारलेच होते.

पुढे हिल्मी मला घेऊन जेरुसलेमच्या एका हॉटेलात कॉफी करायला लागला. तिथे एकदा पॅलेस्टिनी आणि इस्रायली, दोन्हीकडची माणसं वाटाघाटींना बसली. विषयांत दोन्ही बाजूंमधल्या कुंपणातलं एक बंद फाटकही होतं. त्याच्यापलीकडे हिल्मीची जैतुनाची झाडं होती. फळं पिकून काळी पडायला लागली होती. फाटक उघडलं नाही तर सगळं वर्ष मातीमोल होणार होतं.

एकीकडे पॅलेस्टिनी वस्फीसाहेब, दुसरीकडे इस्रायली अम्नोनसाहेब. अम्नोनसाहेबांची आई बगदादची, त्यामुळे ही रीत त्यांनाही ठाऊक. हिल्मीने पेले भरले.

"सांगा, काय मागणं आहे? पाहुण्यांनी आधी," वस्फीसाहेब हसून म्हणाले.

"पाहुणा? मी? अहो, जेरुसलेम हे घर आमचं आहे. मागायला आलात तुम्ही."

"स्वतःच्या घरात कोण मागायला येतं, अम्नोन?"

झालं! रीत चालायला एक तरी पाहुणा लागतो, आणि इथे दोघेही यजमान. कॉफी तशीच निवून गेली.

बाहेर कॅमेऱ्यांपुढे दोघांनीही तेच सांगितलं. समोरच्यांनी साधी कॉफीसुद्धा घेतली नाही, बोलणी त्यांनीच मोडली. दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांत फोटोही एकच आला. दोन भरलेले पेले आणि मधे मी. भांडणं मिटवणारी मी, भांडणाचा पुरावा झाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो!

त्या रात्री हिल्मी मला घेऊन घरी आला, तेव्हा त्याला बायकोने, नाझिकने, विचारलं, "मग चूक कुणाची ठरली?"

"अजून ठरतेय," तो म्हणाला. "फाटकाचं मात्र कुणी नावही काढत नाही."

आता हॉटेलवाल्यांनी मला काचेच्या कपाटात ठेवलंय. लोक फोटो काढतात आणि दोष कुणाचा यावर हिरिरीने वाद घालतात. हिल्मी ट्रे घेऊन मान खाली घालून जातो.

मित्रांनो, कधी असे समोरासमोर बसलात तर घटकाभर पाहुणे व्हा. त्यात मान जात नाही. बंद फाटकापलीकडे हिल्मीची फळं यंदाही गळून पडली, आणि ती कुणाच्याच घरात आली नाहीत.