भाऊराव मिस्त्रीचे तीन ठिपके

मी एक जुनी फटफटी आहो, मित्रांनो. जळगाव जामोदले भाऊराव मिस्त्रीच्या टीनाखाली उभी आहो. माह्या सीटवर आता कोंबडी बसते अन् हँडलले लसणाच्या जुड्या टांगल्या राह्यतात. हसू नका. सिलोनच्या गड्यायले मागं टाकणारी गाडी मीच, अन् खोटी म्हणून नाव कापलं ते बी माह्यंच.

कारखान्यात माह्यासारख्या चाळीस बहिणी एका रांगेत उभ्या होत्या. भाऊरावनं मले अकोल्याच्या दुकानातून आणलं. त्याचा धंदा विहिरीवरचे इंजिनं दुरुस्त करायचा. त्याची एक सवय होती. जो पुर्जा बसवला, त्याच्या आतल्या अंगाले पोलादी खिळ्यानं तीन ठिपके ठोके, चुलीच्या तीन धोंड्यायवाणी. ते ठिपके दिसले का लोक जुनं इंजिन डोळे झाकून इकत घेत.

इंजिनाच्या हँडलनं भाऊरावचा गुडघा फोडला होता, म्हणून मले पळवे त्याचा साळा इंद्रभान. बायकोचा, केसरबाईचा लहान भाऊ. सातपुड्याच्या वळणावर असा वाकवे का माह्यं पायदान सडकेले घासे. मले तो लय आवडे, खोटं काऊन बोलू. दुपारी भाऊरावजवळ बसून काम बी शिके.

"हलक्या हातानं ठोक बे," भाऊराव म्हणे. "खूण म्हणजे जबान असते. ठोकली का मंग पलटता येत नाही."

एकोणसत्तरच्या हंगामात तीन शर्यती होत्या. पह्यली पुण्याकडं, दुसरी बंगलोरकडं, शेवटची मद्रासकडं, जुन्या विमानाच्या पट्टीवर. सिलोनचे, मलायाचे गडी येणार होते. नियम एकच, पण लोखंडाचा. दुकानात जशी इकली तशीच गाडी पळवायची. आतला पुर्जा बदलायचा नाही. शेगावच्या ठेसनावर मले मालडब्यात चढवलं, तवा केसरबाईनं माह्या दिव्याले हळदकुंकू लावलं.

"दोघं बी सोबतच येजा," ते म्हणे.

पुण्याकडं मी तिसरी आली. बंगलोरकडं दुसरी. अन् अंगात दुकानातलाच पिस्टन होता, सपाट डोक्याचा. भाऊराव रोज मले फडक्यानं पुसे अन् म्हणे, "पाह्य इंद्रभान, इमानानं बी पळता येते."

मद्रासले शर्यतीच्या आदल्या दिवशी भाऊराव क्लचची तार आणाले शहरात गेला. तो गेला तसा इंद्रभान एका अनोळखी मिस्त्रीले घेऊन आला. दोन घंट्यात माह्यं पोट उघडलं. सपाट पिस्टन काढला अन् दुसरा घेतला, टेकाडावाणी उंच डोक्याचा. त्यानं जोर वाढते. मले वाटलं, चाला, जिंकायची हाव आहे पोट्ट्याले. पण तो आत बसवायच्या आधी इंद्रभाननं भाऊरावचा खिळा घेतला अन् त्याच्या आतल्या अंगाले तीन ठिपके ठोकले. हलक्या हातानं. जसे शिकवले होते तसे.

मी ओरडली असती मित्रांनो. पण मले किक मारल्याबिगर आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी मी पह्यली आली. भाऊराव लंगडत लंगडत पट्टीवर पळाला. डोळे पुसू का मले पुसू, असं झालं त्याले. तेवढ्यात सिलोनवाल्यायनं तक्रार केली, गाडी उघडून दाखवा.

शर्यतीच्या साहेबानं इचारलं, आमचा मिस्त्री उघडीन का तुमचा?

"मीच उघडतो साहेब," भाऊराव हसून म्हणे. "तुमचा चहा थंडा व्हायच्या आत दाखवतो."

त्यानं स्वतःच्या हातानं मले उघडलं. पिस्टन बाहेर आला अन् त्याचं हासू तिथंच राह्यलं. पिस्टन उलटा केला. तीन ठिपके.

"ये निशान किसका है?" साहेबानं इचारलं.

भाऊरावनं ठिपक्यायवरून अंगठा फिरवला. मंग म्हणे, "खूण माही आहे. हात माहा नाही."

"फिर किसका?"

त्यानं इंद्रभानकडं पाह्यलं. इंद्रभान हातमोज्याचा दोरा तोडत खाली पाहून म्हणे, "गाडी त्याइच्याच हातात राह्यते साहेब. मी निसता चालवणारा."

भाऊरावच्या ओठावर नाव आलं होतं, मले दिसलं. पण ते केसरबाईच्या भावाचं नाव होतं. त्यानं ते गिळलं.

माह्यं नाव कापलं. भाऊरावले शर्यतीत कायमची बंदी. इंद्रभानले नुसती समज. पुढच्या हंगामात तो मद्रासच्या एका मालकाची गाडी पळवाले लागला.

मालडब्यातून आम्ही दोघंच आलो. बातमी आमच्या आधी आली होती. गावातल्या तानाबाईच्या विहिरीवर भाऊराव गेला तं ते म्हणे, "भाऊराव, माह्या इंजिनात कोणाचा पिस्टन घालशीन बाप्पा? सिलोनले पळवाचं नाही मले, वांग्याले पाणी पाह्यजे." सारे हासले. भाऊराव बी हासला. घरी केसरबाईनं इचारलं, कोणाचा हात होता? तो म्हणे, वाढ, भूक लागली.

यंदा पोळ्याच्या आधी इंद्रभान आला. शर्यती सुटल्या, शेत घेतलं, अन् विहिरीवरचं इंजिन बंद पडलं, ते संगं आणलं. भाऊरावनं दोन दिवस बसून दुरुस्त केलं. केसरबाई भावाले हौसेनं वाढत होती. पुर्जा बसवायच्या टायमाले इंद्रभान हळूच म्हणे, "भाऊजी, खूण नाही मारली?"

भाऊरावनं हात पुसले. खिळा अन् हातोडी त्याच्याकडं सरकवली.

"तुले येते ना. तूच मार."

इंद्रभान हातोडी धरून बसला. मारली नाही.

मित्रांनो, मले नाही पुसलं तरी चालन. कोंबडी बसो बिचारी. पण कोणं भरवशानं आपली खूण तुमच्या हातात देली, तं ते जपजा. माहा पिस्टन भाऊरावनं मद्रासवरून आल्यावर त्याच महिन्यात बदलून जुना सपाट बसवला. ठिपके मात्र त्यानं मंग कशावरच मारले नाही.