बोरटोल्याचं पाणी

मयुरी धावताना पडते, हे रंजीताच्या आधी तिच्या सासूच्या, कलाबाईच्या लक्षात आलं होतं. पोरगी ठेच लागून पडत नव्हती, गुडघ्याला गुडघा घासून पडत होती.  कलाबाईची स्वतःची पाठ ऐन उमेदीत ताठ झाली होती. आता मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागे, आणि खाली बसली तर उठवायला माणूस लागे. गावातल्या तिच्या वयाच्या बऱ्याच बाया अशाच होत्या, म्हणून तिनं ते कधी दुखणं मानलंच नव्हतं. नातीचे पाय पाहिले तेव्हा मात्र तिला रात्रभर झोप आली नाही.

बोरटोला हे पोंभुर्ण्याच्या आतल्या बाजूला, जंगलाला चिकटलेलं गोंडांचं लहानसं गाव. भर उन्हाळ्यात पाणी देणारा हातपंप एकच होता आणि त्याला सरकारी माणसांनी कधीतरी लाल रंग फासला होता. या पाण्यात फ्लोराइड आहे, पिऊ नका, असा त्याचा अर्थ. पाणी साफ करायची मशीन आली होती, ती पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडली. नळाची टाकीही बांधून झाली होती. पण पाइप जंगलातून आणायचा होता आणि त्याची परवानगी येत नव्हती. तोवर गाव लाल पंपाचंच पाणी पीत होतं.

पावसाळा संपता संपता शाळेत तपासणी झाली. तालुक्याहून आलेल्या डॉक्टरांनी मयुरीला भिंतीशी उभं केलं, तिचे गुडघे जुळवून पाहिले, दातांवरचे पिवळट डाग पाहिले आणि रंजीताला बोलावून घेतलं.

"हाडं अजून कोवळी आहेत," ते म्हणाले. "आत्ता पाणी बदललं, जोडीला दूध, पालेभाजी, आवळा मिळाला, तर पाय सुधारू शकतात. मोठी झाल्यावर काही करता येणार नाही."

"पाणी कुठून बदलू, साहेब?"

डॉक्टरांनी उपकेंद्रातल्या नर्सकडे, साक्षीकडे पाहिलं. साक्षी त्याच भागातली मुलगी. 

बदलायला पाणी एकच होतं. जंगलात नाल्याच्या वाळूत खणलेला झिरा. जुन्या बाया सांगत की पंप येण्याआधी सगळं गाव त्याच झिऱ्याचं पाणी प्यायचं आणि तेव्हाची म्हातारी माणसंही सरळ चालायची. साक्षीनं बाटलीत ते पाणी नेऊन तपासून आणलं. पाणी चांगलं निघालं.

मग रंजीता रोज सकाळी झिऱ्यावर जाऊ लागली. नवरा बिरजू बल्लारपूरकडे कोळशाच्या सायडिंगवर, म्हणजे रेल्वेच्या वॅगनी भरतात तिथं, मजुरीला होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा. म्हणून सोबतीला शेजारची दीपाली असायची. दीपालीचा मुलगा नुकताच चालायला लागला होता. मयुरीचं पाणी वेगळ्या गुंडात, म्हणजे घागरीत, वर फडकं बांधून. रंजीता कलाबाईलाही त्यातलं द्यायला जायची, तर म्हातारी पेला बाजूला सारायची.

"मले कायले देतं? माया हाडाईचं जे व्हायचं ते होऊन गेलं. पोट्टीले पाज."

रोज तरोट्याची नाहीतर शेवग्याची भाजी होई. दूध गावात मिळत नव्हतं. तरी थंडीत मयुरी एक दिवस म्हणाली, "माय, आता रातच्यानं पाय कमी दुखते." रंजीतानं तिला जवळ ओढून घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

जंगलात वाघीण आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. वाघ असतातच. पण त्या वर्षी तिला बछडे झाले होते आणि नाल्यात पाणी राहिलेली जागा तेवढी एकच होती. तिलाही तिथंच यावं लागत होतं.

ज्या सकाळी ते घडलं, त्या सकाळी रंजीता झिऱ्यात वाकून पाणी घेत होती आणि दीपाली काठावर गुंड धरून उभी होती. रंजीताला पावलांचा आवाज ऐकू आला नाही, गुंड दगडावर आपटल्याचा तेवढा आला. वर पाहिलं तर दीपाली पालथी पडली होती आणि वाघीण तिच्या खांद्यावर होती. रंजीता ओरडली, हातातला गुंड फेकला, मग दगड फेकले. वाघिणीनं दीपालीला सोडलं, पण ती लगेच गेली नाही. थोडी मागे सरली आणि पाहत उभी राहिली. रंजीतानं दीपालीला वाळूवरून ओढत, पाठ न फिरवता, वाटेपर्यंत आणलं.

दीपाली वाचली. उजवा हात मात्र खांद्यापासून गेला तो गेलाच. तो नुसता लोंबायचा. चंद्रपूरच्या दवाखान्यातून ती परत आली त्या दिवशी रंजीता तिच्या दारात गेली, पण आत जाईना.

"ये ना आत," दीपाली म्हणाली. "तुयासाठी नोती येत मी. मले बी लेकरू हाय."

वनखात्यानं नाल्याकडची वाट बंद केली. जाळी लावली, राखणदार बसवले. ते बरोबरच होतं, असं गावातले सगळे म्हणाले. लाल पंपावरची गर्दी वाढली.

बिरजू आला तेव्हा रंजीतानं ठरवून टाकलं होतं. "आमाले घेऊन चला बल्लारपूरले. तिथी नळ हाय."

"आन् मायचं कसं?"

"मी नाई येत," कलाबाई म्हणाली. "मायावाले देव इथी हायेत. तुमी जा. दीपाली भाकर देईन एका हातानं."

शहराबाहेर, सायडिंगच्या मागे, बिरजूसारख्या मजुरांची वस्ती होती. तिथली पत्र्याची एक खोली मिळाली. नळ सकाळी यायचा. रंजीतानं पहिल्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवलं, अगदी वाट्यासुद्धा. हवं तेवढं चांगलं पाणी दारात आहे, यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

पण भरलेल्या भांड्यांवर दुपारपर्यंत काळा थर धरायचा. वॅगनमध्ये कोळसा ओतला जायचा तेव्हा खोलीतलं दिसेनासं व्हायचं. तिनं दाराला गोधडी लावली, खिडकीला पोतं लावलं. आत इतकं उकडायचं की गोधडी काढावी लागे, आणि काढली की धूळ. मयुरीला खोकला लागला. आधी सकाळी, मग दिवसभर. एका संध्याकाळी तिची छाती आत ओढली जाऊ लागली आणि ओठ काळेनिळे दिसले, तेव्हा बिरजूनं तिला खांद्यावर टाकून दवाखाना गाठला.

वाफ देऊन श्वास सुरळीत झाल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "राहता कुठं?"

रंजीतानं सांगितलं.

"अशा मुलीला तिथं ठेवू नका. धुळीनं हा त्रास वाढत जाईल. हिला गावाकडे न्या, हवा बदला."

रंजीताला हसू आलं. ती तोंडावर पदर धरून हसत राहिली आणि डॉक्टरीणबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. बिरजूनं तिचा दंड धरून तिला बाहेर आणलं.

"काऊन हासून राह्यली?"

"तिकडचा म्हणते पाणी बदला. हे म्हणते हवा बदला." तिनं डोळे पुसले. "आपन दोनी कुठून आनाचं?"

दोन्ही जिथं होतं तिथं, म्हणजे सायडिंगपासून लांब, पक्क्या घरांच्या गल्लीत, बिरजूच्या मजुरीत खोली मिळण्यासारखी नव्हती. त्यानं तरी विचारून पाहिलं. त्याच आठवड्यात गावाकडून निरोप आला की कलाबाई पंपावर पडली. रंजीता मयुरीला घेऊन परत निघाली. बिरजू मागे राहिला, कारण घर चालायचं तर कोणीतरी कोळशात उभं राहायलाच हवं होतं. तोही आता खोकत होता. 

गावात मयुरीचा खोकला थांबला. पंपाचं पाणी सुरू झालं आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पाय पुन्हा दुखू लागले.

साक्षी घरी आली. सुपारी कातरत बसलेल्या कलाबाईजवळ टेकली आणि रंजीताला म्हणाली, "ताई, एक गोष्ट सांगू? वैनगंगेकडे एक आश्रमशाळा आहे. मुलींचं वसतिगृह आहे. पाणी नदीचं, मी स्वतः विचारून घेतलं. जेवणात अंडं देतात, दूधही असते."

"तिले तिथी ठेवू? एकटी?"

"दहावीपर्यंत राहू शकते."

"तिले अजून येनी बी नाई घालता येत."

 कलाबाईनं अडकित्ता खाली ठेवला. "पाठव," ती म्हणाली. "मायाजवळ राहून मायासारखी व्हायची."

रंजीतानं तीन दिवस साक्षीला होकार कळवला नाही. मयुरीचे पाय सुधारावेत म्हणून तिनं एका बाईचा हात जाताना पाहिला होता, गाव सोडून पाहिलं होतं. आता उरलं होतं ते पोरीलाच सोडणं. चौथ्या दिवशी तिनं मयुरीचे दोन फ्रॉक धुऊन वाळत घातले.

वसतिगृहाच्या फाटकात मयुरी रडली नाही. तिला वाटलं होतं माय पण राहणार आहे. रंजीता एकटीच परत निघाली तेव्हा तिला समजलं, आणि मग तिचं रडणं रस्त्यापर्यंत ऐकू येत राहिलं.

दिवाळीनंतर रंजीता भेटायला गेली. मयुरी अंगणातून तिच्याकडे धावत आली आणि पडली नाही. पाय सरळ झाले होते असं नव्हे. पण थोडा फरक होता, किंवा रंजीताला तसं दिसलं. मुलीचे केस आता कोणीतरी बारीक कापले होते. दोघी ओट्यावर बसल्या. मयुरीनं शाळेतलं काहीबाही सांगितलं, आणि मग विचारलं, "माय, मी घरी कवा येऊ?"

"पानी आलं का येजो."

"कवा येईन?"

"टाकी बांधली हाय ना. येईन."

मयुरीनं मान हलवली. आईचं बोलणं तिनं खरं धरलं होतं, आणि रंजीताला तिच्याकडे पाहवेना. निघताना तिनं वसतिगृहाच्या नळावर आपली बाटली भरून घेतली.

गाडी उशिरा मिळाली. घरी पोचेपर्यंत दिवस मावळला होता. तिनं बाटली कलाबाईपुढे ठेवली आणि सांगितलं की मयुरीकडचं पाणी आहे. या वेळी म्हातारीनं ते बाजूला सारलं नाही. मान मागे करता येत नव्हती, म्हणून रंजीतानं तिला पाठीशी धरून तिरपं केलं आणि घोटघोट पाजलं.

"चांगलं जेवली का पोट्टी?" कलाबाईनं विचारलं.

"हाव," रंजीता म्हणाली. "दोन पोया खाल्ल्या."