बारा पत्रिका

वडवणीच्या स्टँडजवळ विजयसिंहाचं छपाईचं दुकान आहे. तिथं दीपमालानं सहा वर्षं लग्नपत्रिका जुळवल्या. विजयसिंहाच्या कॉम्प्युटरमध्ये तयार नमुने दोनशेच्या वर, आणि झाडून सगळ्यांवर गणपती. बौद्धांच्या घरचं गिऱ्हाईक आलं की दीपमाला गणपती काढायची, बुद्ध बसवायची. 'चि.सौ.कां.' खोडून 'आयुष्मती' लिहायची, 'कै.' खोडून 'कालकथित'. गणपतीशी तिचं भांडण नव्हतं. पण आपलं लग्न म्हणजे दुसऱ्याच्या पत्रिकेतली दुरुस्ती, हे तिच्या डोक्यात जायचं.

वर विजयसिंह म्हणायचा, "तुमच्या लोकांचं काम लई किचकट. खाडाखोडीचे जास्तीचे लावत जा."

आणि ती लावायची! आपल्याच माणसांना, आपल्याच हातानं. या देशात बुद्धाला पत्रिकेवर यायलासुद्धा वरचे पैसे पडतात, हे कुणी छापत नाही म्हणून मी लिहितो.

शेवटी तिनं जुना लॅपटॉप घेतला आणि घरी बसून बारा पत्रिका पहिल्यापासून स्वतः केल्या. पिंपळाची पानं, वर 'नमो बुद्धाय', मधे बुद्ध, दोन बाजूंना बाबासाहेब आणि माता रमाई. नावं टाकायची जागा मोकळी. सोबत अक्षरांची फाईल, म्हणजे फॉन्ट, आणि नावं कशी भरायची याची चिठ्ठी. सगळं एका वेबसाइटवर विकायला ठेवलं. बारांचे मिळून शंभर रुपये. ज्यानं भरले त्याच्या फोनवर आपोआप जाणार.

आठ दिवस कुणी फिरकलं नाही. ओळखीचं नसलेलं एक तरी माणूस आपल्या हातच्या कामाला पैसे देतं का, एवढंच तिला बघायचं होतं. नाही दिले तर जन्मभर खाडाखोड आहेच.

नवव्या दिवशी तिचा थोरला भाऊ सतीश याला बहिणीचा अभिमान दाटून आला. त्यानं तिच्या लॅपटॉपमधून एक पत्रिका उचलली आणि समाजाच्या ग्रुपवर टाकली. फुकट! खाली तिचं नाव, नंबर आणि 'सर्वांनी लाभ घ्यावा'.

"दादा, अरे मी विकायला ठेवलीय ती!"

"अगं, आपलीच माणसं हायती. अन् झिजती का ती वाटल्यानं?"

तिनं 'ही विकायची आहे' असं ग्रुपवर लिहिलं, तर एका काकांनी सुनावलं, "बाबासाहेबांच्या फोटोवर धंदा मांडला का?"

दीपमालानं उलट लिहिलं, "काका, निळा झेंडा शिवणाऱ्याला शिलाई देता ना? का त्यालाबी जय भीम म्हणून वाटंला लावता?"

पण पत्रिका तर गावोगाव गेली होती. दीपमालाला वाटलं, संपलं. आता फुकटातली सोडून विकतची कोण घेतो?

आठवडी बाजाराच्या दिवशी ती आई दगडाबाईच्या भाजीपाशी बसली होती. फोन वाजला. किनवटहून कुणी उज्ज्वला.

"ताई, ती पत्रिका तुमीच केली का? ग्रुपवर आली, पण नाव टाकाया गेलं की अक्षरांची नुसती खिचडी होतीय."

सतीशनं अक्षरांची फाईल पाठवलीच नव्हती. त्याला ती आहे हेच ठाऊक नव्हतं.

"माझ्या भावाचं लग्न हाय," उज्ज्वला म्हणाली. "इथला दुकानदार म्हणतो, गणपती राहू द्या, काय बिघडतं? माझा बाप उठूनच आला तिथनं. ताई, पहिल्यापासून आपलीच अशी पत्रिका आमी कधी बघितलीच न्हाई हो."

दीपमालाच्या जिभेवर आलं होतं, घ्या तशीच. काकांचे शब्द कानात होते. तरी ती म्हणाली,

"शंभर रुपये पडतील. बाराच्या बारा तुमच्या."

"मग कुठं दाबायचं ते सांगा की."

तिनं सांगितलं. दोन मिनिटांत फोन टुणकन वाजला. दीपमाला नुसती बघत राहिली. जिचं तोंड कधी पाहिलं नाही, अशा बाईनं पैसे दिले होते.

"काय झालं गं?" दगडाबाईनं विचारलं.

"पत्रिका गेली, आई. किनवटला."

"कोण घेऊन गेलं?"

"कुणीच न्हाई. आपली आपण गेली."

"अन् फोनवर ही काय दिसतीय मग?"

"तीच."

दगडाबाईनं चाळीस वर्षं भाजी विकली होती. जुडी गेली की टोपलीत खळगा पडतो, हे तिच्या हाताला पाठ होतं. तिनं पदरानं बोटं पुसली, फोन जवळ ओढला आणि बुद्धाच्या पायांशी बोट नेऊन थांबली. लावलं नाही.

"म्हंजी गेलीबी अन् हायबी?"

"व्हय."

"कितींदा इकती येती?"

"कितींदाबी."

"अन् ह्यातलं कणभरबी कमी व्हत न्हाई?"

दीपमालानं मान हलवली. हे सगळं तिला आधीपासून माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं अन् घडताना बघणं वेगळं. फोन पुन्हा टुणकन वाजला, आणखी शंभर रुपये. नाव अनोळखी, गाव गोंदिया जिल्ह्यातलं.

"ओ मावशी, मेथी देता का न्हाई?" समोर एक बाई मघापासून ताटकळत उभी होती.

"दम धर की बाई," दगडाबाई फोनवरची नजर न काढता म्हणाली. "माझ्या लेकीची पत्रिका आत्ता गोंदियाला निघालीय."